दिल्लीतले ते आठ दिवस

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला आमंत्रण नव्हते. महायुद्धाची ती शिक्षाच होती. पण मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा भरली, तेव्हा यजमान भारताने जपानला सन्मानाने बोलावले. त्या वेळी जपान अजून परकीय सैन्याच्या ताब्यात होता.

या स्पर्धेमागे प्रामुख्याने गुरुदत्त सोंधी यांची धडपड होती. खरे तर ती १९५० मध्येच व्हायची होती; तयारी अपुरी पडल्याने लांबली. ४ मार्चला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी नॅशनल स्टेडियमवर उद्घाटन केले. देश अकरा आणि खेळ अवघे सहा.

जलतरणात सचिन नाग यांनी शंभर मीटर फ्रीस्टाइल जिंकून भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. मुंबईचे लेव्ही पिंटो शंभर आणि दोनशे मीटर, दोन्ही शर्यतींत पहिले आले. मुंबईच्याच रोशन मिस्त्री यांनी शंभर मीटरमध्ये रौप्यपदक पटकावले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलने इराण हरला.

पदकतक्त्यात जपान चोवीस सुवर्णपदकांसह पहिला, तर भारत पंधरा सुवर्णपदकांसह दुसरा.

पण या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. फिलिपीन्स, ब्रह्मदेश, सिंगापूर, इंडोनेशिया या देशांनी काही वर्षांपूर्वीच जपानी लष्कराचा अंमल सोसला होता. त्यांचे खेळाडू जपान्यांबरोबर एकाच मैदानावर उतरले. बास्केटबॉलमध्ये तर फिलिपीन्सने सुवर्ण जिंकले आणि जपानला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. कालच्या शत्रूशी हिशेब असाही चुकता करता येतो, हे दिल्लीने दाखवून दिले.