नळाच्या काठानं तानसापर्यंत

मुंबईला कालवा नाही. पुण्याला मुठेचा आहे, बारामती-इंदापूरला नीरेचा आहे. त्या कालव्यांच्या भरावावरून, हँडलला डबा अडकवून सायकलवर निघालेला पाटकरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुंबईकराचं पाणी मात्र बंद नळातून येतं. पण नळ झाला म्हणून काय, त्याच्या सोबतीला वाट लागतेच. गळती शोधायला, झडपा फिरवायला माणूस जायला हवा. तीच आपली ‘पाइपलाइन’. माहीम-धारावीच्या मंडळींना पुरुषभर उंचीचे ते नळ पाठ आहेत. या नळांच्या कडेनं, पाण्याच्या उलट दिशेनं जात राहिलं तर शंभरेक किलोमीटरवर तानसा तलाव लागतो.

ही वाट तयार झाली टंचाईपोटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होतं. गवालिया टँक, धोबी तलाव ही नावं उरली, पाणी गेलं. १८५०च्या दशकात उन्हाळे इतके कडक झाले की गुरं शहराबाहेर न्यावी लागली. मग हेन्री कोनीबेअरच्या आराखड्यानुसार विहार तलाव झाला आणि १८६०मध्ये त्याचं पाणी नळानं शहरात आलं. १८७९मध्ये तुळशी आला. तरी गिरण्या वाढत होत्या, माणसं वाढत होती. मेजर टुलॉक यांनी दूरच्या तानसा नदीचं नाव सुचवलं तेव्हा इतक्या लांबून पाणी आणायचं हे अनेकांना वेड वाटलं असेल. पण १८९२मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्या योजनेचं उद्घाटन झालं. पावणेतीन किलोमीटरहून लांब दगडी धरण, आणि तिथून मुंबईपर्यंत पाणी स्वतःच्या उतारानं येणार, पंप नाही.

मूळ मार्गाचा काही भाग बांधीव दगडी पाटाचा होता, काही ४८ इंची ओतीव लोखंडी नळांचा. यातला फरक सायकलवाल्याच्या पोटऱ्यांना चांगला कळतो. पाटाला उतार सारखा ठेवावा लागतो, म्हणून तो टेकडीच्या अंगानं वळणं घेत जातो. नळातलं पाणी दाबाखाली असतं, ते खोलगटात उतरून पुन्हा चढू शकतं, म्हणून नळ सरळ निघतो. पाटाजवळची वाट लांब पण सपाट. नळाजवळची जवळची, पण छाती फोडणारी.

१९८४च्या डिसेंबरात आम्ही चौघं मित्र पहाटे चार वाजता माहीमहून निघालो. बिनगिअरच्या काळ्या सायकली, पंक्चरचं सामान, चपात्या आणि सुकी भाजी. तसं पाहिलं तर मोठं काही नव्हतं. याच मुंबईतून १९२३मध्ये निघालेल्या पारशी तरुणांपैकी हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघं सायकलवर जग फिरून १९२८मध्ये परतले होते. आम्ही तर फक्त आपलं पाणी कुठून येतं ते बघायला चाललो होतो.

सायन-कुर्ल्यावरून घाटकोपरला तानसाची लाइन धरली. भांडुप, मुलुंडपर्यंत ती वाट म्हणजे दोन झोपड्यांच्या रांगांमधली बोळ. कुठं नळावर गोधड्या वाळत, कुठं पोरं अभ्यास करत बसलेली. सायकल चालवण्यापेक्षा खांद्यावरच जास्त. शहराचं पाणी ज्यांच्या उशालगत वाहत होतं, ती घरं रांगेत उभी राहून हंडे भरत होती.

या घरांचं पुढं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. नळांची सुरक्षितता आणि पाण्याची शुद्धता या कारणांनी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयानं दिला. कारण खोटं नव्हतं. पण हजारो कुटुंबांना धाडलं गेलं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, जिथल्या हवेबद्दल हरित लवादानं २०१५मध्येच इशारा दिला होता. त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या, हे न्यायालयाला २०१९मध्ये सांगावं लागलं. मोकळ्या झालेल्या जागेवर महापालिकेनं ३९ किलोमीटरच्या सायकल मार्गाची योजना आखली. न्यूयॉर्कला १८४२मध्ये पाणी आणणाऱ्या क्रोटन जलमार्गावर आज लोक हौसेनं चालतात, सायकली फिरवतात. इथंही तसं व्हावं, ही कल्पना चांगलीच. मी सायकलवाला, मला ती आवडायला हवी. पण तिथून उठून माहुलला गेलेल्या माणसाला तो मार्ग कसा दिसत असेल, याचा विचार केल्याशिवाय मला त्यावर पाय मारवत नाही.

ठाण्याच्या पुढं खाडीशी आम्ही नळ सोडला आणि कशेळीच्या पुलावरून पलीकडे गेलो. भिवंडीनंतर मुरूम, खडी, काटेरी झुडपं. दोन पंक्चर झाली. झडपांच्या मनोऱ्यांतून हवा फुसफुसत होती, नळाला कान लावला की आत घुमल्यासारखं होई. शहापूर तालुक्यात शिरल्यावर एका पाड्याजवळ झडपेतून ठिबकणारं पाणी दोन बायका वाटीवाटीनं कळशीत भरत होत्या. आम्ही पाणी मागितलं, त्यांनी दिलं. नळ कुठं आहे विचारलं, तर एकीनं मोठ्या नळाकडेच बोट दाखवलं आणि हसून म्हणाली, “ह्यो काय. पन ह्यो तुमचा.”

तानसा, मोडकसागर, भातसा हे तिन्ही जलाशय याच तालुक्यात. आणि इथल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी द्यावं लागतं, हे दर वर्षी वर्तमानपत्रांत छापून येतं. अलीकडे शहापूरसाठी इगतपुरीजवळच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना मंजूर झाली. घरचे तलाव मुंबईला आणि तहानेला शेजारच्या तालुक्याचं पाणी!

धरणावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भिंतीला पाणी लागलेलं, पलीकडे जंगल, माणूस नाही. मग आटगाव स्टेशन गाठलं, सायकली मालडब्यात चढवल्या आणि उरलेल्या दोन चपात्या चौघांत वाटून घेतल्या.