बँकॉकची रात्रीची गाडी आणि दोन रुळांमधलं अंतर

मंडळी, थायलंडचा प्लॅन बहुतेक वेळा असा बनतो. संध्याकाळी बँकॉकला उतरायचं, हॉटेलात रात्र घालवण्याऐवजी त्याच रात्रीच्या गाडीने चियांग माईला निघायचं, आणि सकाळी डोळे उघडले की खिडकीबाहेर डोंगर! हॉटेलचे पैसे वाचले, सुट्टीचा एक दिवसही वाचला. एक्सेलमध्ये हा प्लॅन झकास दिसतो. आमच्या टीममधल्या तिघांनी मध्यंतरी हाच प्लॅन मला दाखवला आणि विचारलं, "साडेसातला विमान उतरतंय, शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास आहे. तीन तास पुरतील ना?"

मी उलट विचारलं, "कुठल्या विमानतळावर?"

डॉन मुआंगवर उतरत असाल तर आरामात पुरतील. सुवर्णभूमीवर उतरत असाल तर जुगार आहे. शहर तेच, गाडी तीच, मग एवढा फरक का? हे शोधत गेलं की माणूस थेट १८९३ सालात जाऊन पोचतो. इतिहासाचा नाद असल्यामुळे मी पोचलोच, आता तुम्हालाही नेतो.

तेव्हा देशाचं नाव सयाम. पश्चिमेला ब्रह्मदेश इंग्रजांनी गिळलेला, पूर्वेला व्हिएतनाम आणि कंबोडिया फ्रेंचांच्या ताब्यात. मधे राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम. त्याने १८९० मध्ये रेल्वे खातं काढलं. देशातली पहिली गाडी मात्र खाजगी कंपनीची. बँकॉक ते नदीच्या मुखावरचं पाकनाम, जेमतेम २१ किलोमीटर. एप्रिल १८९३ मध्ये ती सुरू झाली, आणि तीनच महिन्यांनी, १३ जुलैला, त्याच पाकनामच्या किल्ल्यावरून तोफा झडत असताना फ्रेंच गनबोटी नदीत घुसल्या आणि बँकॉकपर्यंत आल्या. ऑक्टोबरमध्ये सयामला तह करावा लागला. मेकाँग नदीच्या डाव्या तीरावरचा सगळा मुलूख गेला, आणि उजव्या तीरावरच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यात सैन्य ठेवायची बंदी आली.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की सयामच्या रेल्वेचा नकाशा वाचता येतो. पहिली मोठी सरकारी लाईन कोराटकडे, म्हणजे फ्रेंचांच्या दिशेने. (कोराटचं अधिकृत नाव नाखोन राचासिमा. सावकाश म्हणून बघा, 'नगर राजसीमा' ऐकू येईल.) त्या बाजूला गडबड झाली तर सैन्य लवकर पोचावं हा त्यातला एक सरळ हेतू. त्यातला अयुथयापर्यंतचा टप्पा मार्च १८९६ मध्ये सुरू झाला, आणि १९०० च्या अखेरीस गाडी कोराटला पोचली. रेल्वे खात्याचे प्रमुख जर्मन, आधी कार्ल बेटगे आणि पुढे लुईस वायलर. इंग्रजही नकोत आणि फ्रेंचही नकोत, मग तिसऱ्याला बोलवा, असं ते राजकारण.

आता मुद्द्याचं. या लाईनी बांधल्या स्टँडर्ड गेजवर, म्हणजे दोन रुळांमधे १४३५ मिलिमीटर. शेजारच्या ब्रह्मदेशात, मलायात आणि फ्रेंच इंडोचायनात होतं मीटर गेज, म्हणजे १००० मिलिमीटर. शेजाऱ्यांच्या गाड्या आपल्या रुळांवर सरळ चालून येऊ नयेत, हाही विचार त्यामागे होता असं सांगितलं जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर पोर्टच बंद ठेवायचा.

पण दक्षिणेला गणित वेगळं झालं. १९०३ मध्ये फेचाबुरीपर्यंत गेलेली दक्षिणेची लाईन मीटर गेजवर बांधली. १९०९ मध्ये इंग्रजांशी तह झाला. केडा, केलांतान, तेरेंगानू आणि पर्लिस या चार मलय राज्यांवरचा हक्क सयामने सोडला, आणि त्या तहाबरोबरच दक्षिणेची रेल्वे मलायाच्या सीमेपर्यंत न्यायला ४० लाख पौंडांचं कर्ज घेतलं. दक्षिणेच्या लाईनीचं खातं वेगळं करून इंग्रज अभियंत्यांकडे दिलं.

म्हणजे बघा, एका देशात दोन रेल्वे खाती, दोन गेज, दोन देशांचे साहेब. आणि मधे चाओ फ्राया नदी. तिच्यावर रेल्वेचा पूल नाही. उत्तरेच्या गाड्या पूर्व काठावरून सुटत (हुआ लाम्फोंगची ती प्रसिद्ध कमानदार इमारत १९१६ ची), आणि दक्षिणेच्या गाड्या पश्चिम काठावरच्या थोनबुरीच्या बाजूने. अयुथयाहून निघून मलायाला जाणाऱ्या माणसाने हुआ लाम्फोंगला उतरायचं, सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचं, होडीने नदी ओलांडायची आणि पलीकडची गाडी धरायची. 'तीन तास पुरतील ना?' हा प्रश्न त्यालाही पडलाच असणार.

मीटर गेज आपल्याला नवीन नाही. मिरज, मनमाड या नावांशी 'गाडी बदलणे' हा शब्दप्रयोग घट्ट जोडलेला आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलाय. गेज बदललं की फक्त माणसं उतरत नाहीत. मालाचं पोतं न् पोतं उतरवून परत चढवावं लागतं. सीमेवर परक्यांना अडवायला निवडलेलं अंतर इथे देशाच्या आत, राजधानीतच, आपल्याच माणसांना अडवायला लागलं होतं.

हे निस्तरलं पुरछत्र नावाच्या राजपुत्राने. चुलालोंगकोर्नचा मुलगा, शिक्षणाने इंजिनियर. १९१७ मध्ये दोन्ही खाती एक करून त्याच्या हाती दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि रेल्वेतले जर्मन कैदेत गेले. त्यांत एमिल आयझेनहोफर नावाचा अभियंता होता. चियांग माईच्या वाटेवर खुन तानचा १३५२ मीटरचा बोगदा १९०७ पासून त्याच्या देखरेखीखाली खणला जात होता. बोगदा १९१८ मध्ये पुरा झाला, पण तेव्हा तो तिथे नव्हता. आज त्या बोगद्याशेजारी त्याचं स्मारक आहे. चियांग माईच्या रात्रीच्या गाडीत सकाळी अचानक मिट्ट काळोख झाला आणि लगेच एक छोटं, नेटकं, फुलझाडांचं स्टेशन आलं, तर समजा तुम्ही आत्ताच त्याच्या दहा वर्षांच्या कामातून गेलात.

१९१८ मध्ये पाडांग बेसारला सयामची आणि मलायाची रेल्वे जोडली गेली. मग पुरछत्रने निर्णय घेतला की सगळा देश एका गेजवर आणायचा, आणि तोही मीटरवर. म्हणजे जे गेज शेजाऱ्यांना लांब ठेवायला घेतलं होतं तेच उखडायचं. काम १९३० पर्यंत चाललं. दरम्यान १ जानेवारी १९२७ ला नदीवर सहाव्या रामाच्या नावाचा पूल खुला झाला, आणि दक्षिणेच्या गाड्या थेट हुआ लाम्फोंगला येऊ लागल्या. उत्तर आणि दक्षिण एका छपराखाली आली. होडी बंद झाली. :)

आता विमानतळाकडे येऊ. सयामची पहिली विमानं बँकॉकच्या सा पथुम रेसकोर्सवर उतरत. ती जागा अपुरी पडू लागली, म्हणून शहराच्या उत्तरेला नवी जागा बघितली. 'डॉन' म्हणजे थाई भाषेत उंचवट्याची जमीन. बँकॉकसारख्या पाणथळ भागात विमानाला अशीच जागा हवी. मार्च १९१४ मध्ये विमानं डॉन मुआंगला हलली. आणि त्या जागेच्या शेजारून काय जात होतं? तीच १८९६ ची अयुथयाची लाईन. विमानतळापेक्षा रूळ १८ वर्षांनी जुना! त्यामुळे पुढे कित्येक दशकं डॉन मुआंगला उतरलेला प्रवासी रस्त्यावरचा पादचारी पूल ओलांडून समोरच्या स्टेशनात जाई आणि उत्तरेची गाडी तिथेच पकडे. विमान आणि आगगाडी यांचा इतका जवळचा जोड जगात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि तो काही कोणी प्रवाशांच्या सोयीसाठी आखलेला नव्हता.

२८ सप्टेंबर २००६ ला तो जोड तुटला. शहराच्या पूर्वेला सुवर्णभूमी विमानतळ सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे गेली. ही जमीन १९७३ मध्येच घेतलेली होती, जुनं नाव 'नागांची दलदल'. विमानतळ आला पण आगगाडी नाही आली. एअरपोर्ट रेल लिंक सुरू झाली ती ऑगस्ट २०१० मध्ये, तब्बल चार वर्षांनी. तीही फाया थाईपर्यंत, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या जिथून सुटतात तिथे नाहीच. आणि तिचं गेज? स्टँडर्ड, १४३५. शेजारून पूर्वेचा जुना मीटर गेजचा रूळ जातो, पण याच्यावरची गाडी त्याच्यावर जाऊ शकत नाही. पुरछत्रने इतक्या मेहनतीने मिटवलेला फरक ८० वर्षांनी परत आला. या वेळी सोबत इंग्रज नव्हते की फ्रेंच नव्हते.

या इतिहासाचा तुमच्या रात्रीवर होणारा परिणाम आता सांगतो.

सुवर्णभूमीवर उतरलात तर इमिग्रेशन आणि सामान मिळून एक ते दीड तास धरा. मग रेल लिंकने मक्कासान, तिथून चालत मेट्रोच्या फेचाबुरी स्टेशनात, आणि मेट्रोने बांग सू. वाट बघणं आणि जिने धरून हा सव्वा ते दीड तास. म्हणजे साडेसातला उतरलेला माणूस दहा ते साडेदहाच्या दरम्यान धापा टाकत पोचणार. विमान अर्धा तास जरी लेट झालं तरी गाडी गेली. माझा साधा हिशोब असा की गाडीआधी चार तास हातात नसतील तर ती रात्र बँकॉकमध्येच काढावी. मध्यरात्रीनंतर तर रेल लिंक आणि मेट्रो दोन्ही बंद असतात, आणि उत्तरेच्या रात्रीच्या गाड्याही गेलेल्या असतात. सकाळी नऊच्या सुमारास दिवसाची गाडी आहे, ती संध्याकाळी चियांग माईला पोचवते. खुन तानचा बोगदा उजेडात बघायला मिळतो, हा फायदाच.

डॉन मुआंगवर उतरलात (स्वस्त विमान कंपन्यांच्या कित्येक फ्लाईट २०१२ पासून इथे आहेत) तर गोष्ट सोपी आहे. उत्तरेच्या गाड्या आजही या स्टेशनात थांबतात, फक्त आता वरच्या उन्नत मार्गावर. शहरात जायचीच गरज नाही. तिकीट काढताना 'कुठून' या रकान्यात डॉन मुआंग निवडा.

एक धोक्याची सूचना. जुनी गाईडबुकं अजून हुआ लाम्फोंगला पाठवतात. १९ जानेवारी २०२३ पासून उत्तर, ईशान्य आणि दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या बांग सूच्या नव्या स्टेशनातून सुटतात. नाव क्रुंग थेप आफिवात. (थेप म्हणजे आपला देव. क्रुंग थेप, देवांची नगरी.) दोन स्टेशनांत सात-आठ किलोमीटरचं अंतर आहे आणि बँकॉकचा ट्रॅफिक कोणासाठी थांबत नाही. टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा. खालचा बर्थ मिळाला तर घ्या, तो वरच्यापेक्षा रुंद असतो.

आणि गाडीला वेळ असेल तर या नव्या स्टेशनात मान वर करून बघा. तुमची मीटर गेजची गाडी सुटते त्याच्याही वर आणखी एक मजला आहे. तो स्टँडर्ड गेजसाठी राखून ठेवलाय. कोराटकडे हायस्पीड लाईनचं काम २०१७ मध्ये सुरू झालं, आणि ती पुढे लाओसमार्गे चीनच्या रुळांना भिडवायची योजना आहे. दोन्ही विमानतळ जोडणाऱ्या हायस्पीड लाईनीचा करार २०१९ मध्ये झाला, पण हे लिहीत असताना तरी तिच्यावर गाडी धावत नाही. ती धावू लागली की सुवर्णभूमीवर उतरणाऱ्याचे चार तास कमी होतील. पण चियांग माईची गाडी धरायला त्याला तेव्हाही मजला बदलून १४३५ वरून १००० वर यावंच लागेल. होडीच्या जागी सरकता जिना, एवढाच काय तो फरक.