संगणकाचा पंखा आणि तारांचे रंग

संगणकातून काढलेला जुना पंखा यंत्राबाहेरही फिरू शकतो, याचे कारण विद्युत्-दाबाच्या एका रूढीत आहे. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात १२ व्होल्टांचा दाब मुख्यतः डिस्क-ड्राइव्हच्या मोटारींसाठी होता. पुढे पंखेही त्याच दाबावर बेतले गेले. १९९५ च्या एटीएक्स मानकानंतर सुटा पॉवर सप्लाय चालू करण्यास त्याची हिरवी तार काळीस जोडावी लागते.

दाब टिकला, रंगांचे अर्थ मात्र पालटले. पॉवर सप्लायमध्ये पिवळी तार १२ व्होल्टांची व तांबडी ५ व्होल्टांची असते. तीन-तारी पंख्यात बहुधा तांबडी १२ व्होल्टांची, तर पिवळी केवळ गती कळविणारी. चार-तारी पंख्याच्या मानकात पिवळी पुन्हा १२ व्होल्टांची झाली. सबब रंगास रंग जोडणारा तीन-तारी पंख्याच्या गतिदर्शक तारेवर १२ व्होल्ट सोडतो व पंखा बिघडवू शकतो.

तथापि पंख्याच्या जोडणीतील क्रम दोन्ही प्रकारांत अबाधित राहिला: प्रथम ऋण तार, मग १२ व्होल्ट, मग गतिदर्शक. तात्पर्य, येथे अर्थाचा खरा आधार वर्ण नसून स्थान होय.