एंडोसल्फान आणि मुलग्यांची वाढ

एंडोसल्फान हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर ते वीसहून अधिक वर्षे हेलिकॉप्टरमधून फवारले गेले. बागा डोंगरउतारावर, वस्ती पायथ्याशी. पावसाच्या पाण्याबरोबर विष खाली अंगणा-विहिरींकडे उतरे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या १० ते १९ वयाच्या ११७ शाळकरी मुलग्यांची तुलना फवारणी न झालेल्या भागातील ९० मुलग्यांशी केली. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले : वयात येण्याची लक्षणे उशिरा, टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने कमी, पण वृषणांना चालना देणारे पीयूषिका ग्रंथीचे एलएच संप्रेरक चढलेले. ही ग्रंथी हाका मारते आहे आणि वृषणे पुरेशी ओ देत नाहीत, असा याचा अर्थ लागतो. पाहणी छोटी होती. इशारा मात्र गंभीर.

एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची देशव्यापी बंदी आली २०११ मध्ये.