परसातली मिरची आणि न्हाणीचं पाणी



चैत्र सरत आलाय. बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घ्यावी आणि भाव ऐकून परत ठेवावी, असे दिवस आहेत. मागच्या बैठकीत परसबागेचा विषय निघाला तर आमच्या गटातली एक नवी सून म्हणाली, "ताई, परसबाग म्हणजे ती सरकारी योजनाच ना? बियाणं आलं की लावू." सगळ्या हसल्या. आम्हांला मात्र ते लागून राहिलं. दोन वर्षांपूर्वी आम्हीच पाकिटं वाटली, गोल वाफे काढले, फोटो काढले. आज त्यातल्या निम्म्याहून जास्त वाफ्यांत शेळ्या बसतात. योजनेला नावं ठेवायची नाहीत, चांगलीच होती. पण पाकीट संपलं तशी बागही संपली, कारण बाग पाकिटातूनच आली असं आपण धरून चाललो. ती कुठून आली, हे आज सांगायचंय.

परस म्हणजे घराची मागची बाजू. 'परसाकडे जाऊन येते' म्हटलं की वेगळाच अर्थ निघायचा, ते आज्यांना ठाऊक आहे, हसू नका! पण त्याच परसात न्हाणी होती, चुलीच्या राखेचा ढीग होता, उकिरडा होता. पाणी, राख, खत. बागेला आणखी काय लागतं?

आमचा भाग माढ्याकडचा. जवळच अरण, संत सावता माळ्यांचं गाव. तेराव्या शतकातला हा माळी पंढरीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहायचा, म्हणून आजही पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी अरणला येते. त्यांच्या नावावरचा भाजीपाल्याचा अभंग आपण भजनात म्हणतो. त्यात मिरचीचं नाव येतं. आता गंमत बघा. मिरची मूळची अमेरिकेकडची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, आणि मिरची त्यांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी तिखटाला काळी मिरी होती. मिरीवरूनच मिरचीला नाव पडलं. मग सावतोबांच्या अभंगात मिरची कशी? कोणी म्हणेल तिथे मिरीच असेल. आम्हांला वाटतं, अभंग तोंडातोंडी चालत आला आणि म्हणणाऱ्यांनी आपल्या परसात जे होतं ते त्यात घातलं. इतकी ती मिरची घरची झाली होती.

एकटी मिरचीच नाही. टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, लाल भोपळा ही सगळी तिकडूनच आलेली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. आणि उपासाचं ताट डोळ्यांपुढे आणा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची. सगळं समुद्रापलीकडचं! वांगं, काकडी, शेवगा मात्र आपल्याकडचे जुनेच.

ही परकी रोपं गावोगाव कोणी नेली? त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. आमचं मत विचाराल तर आपल्याच बायकांनी. माहेराहून येताना पदराच्या गाठीत चार बिया बांधून आणायची रीत आजही आहे. पिकल्या मिरचीतून बी काढायचं, राखेत चोळायचं, न्हाणीच्या बाजूला टाकायचं. त्याला पाकीट लागत नव्हतं.

पण उन्हाळा? पाऊस असताना कोणाच्याही परसात वेल चढतो. खरी परीक्षा फाल्गुनानंतर. जुन्या घरांतून न्हाणीचं पाणी उतारानं केळीला आणि आळवाला जायचं. अंग शिकेकाईनं धुतलं, भांडी राखेनं घासली, त्यामुळे त्या पाण्याचा रोपांना त्रास नव्हता. आता साबण आणि पावडर आहे, म्हणून कपड्यांचं पाणी थेट पालेभाजीला घालू नका. आधी खडीवाळूच्या खड्ड्यातून जाऊ द्या, मग केळीला.

दुसरी युक्ती मडक्याची. जुनं, पाझरणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर झाकण ठेवायचं, आणि भोवती काकडी, दोडका लावायचा. पाणी मुळाशी झिरपतं, उन्हानं उडून जात नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात ही रीत लिहिलेली आहे. म्हणजे पाण्याची ओढ सगळीकडच्या शेतकऱ्यांना सारखीच.

आता १९७२ चा दुष्काळ. आमच्या गटातली सगळ्यांत थोरली आजी तेव्हा नवी नवरी होती. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. खायला मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, आणि लेकरांना सुकडी. आजी सांगते, विहिरीला तळ लागला होता, पण हात धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी सासू घमेल्यात धरायची आणि सगळं एका शेवग्याला घालायची. बाकी परस वाळलं. शेवगा तगला, त्याच्या पाल्याची भाजी मिलोच्या भाकरीबरोबर खाल्ली. आढ्याला एक भोपळा टांगलेला होता, बियाण्याचा. पोरं रडायची तरी सासूनं तो चिरला नाही. आजी म्हणते, "तवा लई राग यायचा म्हातारीचा." एवढं बोलून ती गप्प बसते.

त्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेतले, हातपंप बसले. देशभर गेलेला 'मार्क टू' हातपंप आपल्या सोलापूर पंपावरूनच पुढे आला, ही आपल्या भागाची मानाची गोष्ट. पाण्यासाठीची पायपीट कमी झाली. पुढे नळ आले, मोरी घरात आली, मोरीला पाइप आला आणि पाइप गटाराला जोडला. त्याबद्दल तक्रार नाही, डोक्यावरचे हंडे परत कोणाला हवेत? पण केळीचं पाणी त्या पाइपातून निघून गेलं, आणि ते गेल्याचं आपल्या ध्यानातही आलं नाही.

बियाण्याचं तसंच. आमची फजिती सांगतो. संकरित दोडका पहिल्या वर्षी झकास आला. आम्ही हौसेनं त्याचंच बी धरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात पाच घरांत लावलं. कुठे आखूड, कुठे वाकडा, कुठे नुसतीच फुलं. संकरित वाणाचं धरलेलं बी आईसारखं निघत नाही, हे आम्हांला तेव्हा कळलं. शिकलेल्या आम्ही, आणि आजीला आधीच ठाऊक होतं! (जाता जाता एक सांगून ठेवतो: दुधी किंवा दोडका कडू लागला तर खाऊ नका, टाकून द्या. त्यानं माणूस आजारी पडतं.)

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरोघरची गावठी बियाणी गोळा करून जपली, वाटली, आणि त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. त्यांच्या कामाची सुरुवातही परसातूनच.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं माहेरचं नाहीतर सासरचं एक बी आणायचं, आणि ते कोणाकडून आलं ते वहीत लिहायचं. आजीनं तिचं आधीच दिलंय. सासूच्या त्या भोपळ्याच्या वंशातल्या चार बिया. तो भोपळाही कधीकाळी जहाजातूनच आलेला, पण आजीच्या लेखी तो सासूबाईंचा. मोरीच्या पाइपाचं तोंड आम्ही परसाकडे वळवलंय आणि बिया तिथेच लावल्यात. तीन उगवल्यात.