बर्फाच्या पाण्यात हात घालणारे विद्यार्थी

आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या बाल्टिमोरची. जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजात डॉ. कॅरोलाइन बेडेल थॉमस यांना एक प्रश्न छळत होता. हार्ट अटॅक पन्नाशीत येतो, पण त्याची सुरुवात कधी होते?

त्यांनी समोरचेच विद्यार्थी पकडले. १९४८ ते १९६४ मध्ये पास होणाऱ्या बॅचमधले १,३३७ जण. वजन, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल, सगळं मोजलं. बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावून प्रेशर किती चढतं तेही पाहिलं. शाईच्या डागांत काय दिसतं, हेसुद्धा विचारलं (हो, खरंच!). मग दरवर्षी पत्र: तब्येत कशी आहे? डॉक्टर मंडळी असल्यामुळे उत्तरंही नेमकी यायची.

उत्तरं जमायला अर्धं आयुष्य गेलं. १९९३ मध्ये कळलं, की बाविशीतलं कोलेस्टेरॉल मध्यमवयातल्या हृदयविकाराशी जोडलेलं आहे. १९९९ मध्ये डायबेटिसचा हिशोब आला. पंचविशीत ज्यांचं वजन जास्त होतं, त्यांना पुढे डायबेटिस होण्याचा धोका तिपटीहून अधिक. म्हणजे ‘इंटर्नशिप संपली की जिम लावू’ म्हणणाऱ्यांचं मीटर आधीच सुरू झालेलं होतं.

पण एक अडचण आहे. हे विद्यार्थी जवळजवळ सगळे गोरे पुरुष होते. आपलं शरीर तसंच वागतं का?

याचं उत्तर पुण्यातून आलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सेम. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन पळायचे. याज्ञिकांची धाव लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यापुरती, असं त्यांनी स्वतःच गमतीत लिहिलंय. पण व्यायामाचा फरक धरूनही मुद्दा उरतोच: बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी लपून बसते, विशेषतः पोटात.

म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आकडे खाली आणले. जास्त वजन २५ नाही, २३ पासून. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८०. अमेरिकन चार्टवर ‘नॉर्मल’ असलेला, बीएमआय २४ वाला आपला सेकंड इयरचा गडी इथे जास्त वजनाच्या रांगेत उभा राहतो. आणि पुढच्या वर्षी ओपीडीत पेशंटची कंबर मोजायला टेप त्याच्याच हातात असणार.