मोरसाचे कुलशील

अलिबाग, पेण व उरण येथील खाजणांत, जेथे भरतीचे पाणी अधूनमधून पोचते आणि ओसरल्यावर मिठाचा पांढरा थर वर येतो, तेथे मोरस वाढतो. त्याची पाने जाड, गोलसर व रसाळ असतात. ती उकडून, खारे पाणी टाकून, भाजीही करतात. माचूल ही त्याची शेजारीण. तिचे खोड सांध्यासांध्यांचे असून पाने जवळजवळ दिसतच नाहीत. या दोहोंचे नाते जवळचे की दूरचे, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने एकदा देऊन पुढे बदलले.

मोरसाच्या 'सुएडा' या प्रजातीचे नाव अरबी आहे. लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनात मरण पावला. त्याची टिपणे कार्स्टन नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. हाच नीबूर १७६३-६४ मध्ये मुंबईत राहिला व त्याने घारापुरीची लेणी रेखाटली, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. लिनियसने १७५३ मध्ये समुद्रकाठची एक जाती चाकवताच्या प्रजातीत घातली होती. द्यूमोर्तिए याने १८२७ मध्ये ती सुएडात आणली.

पुढे १८२९ मध्ये मायर याने या कुलाचे विभाजन बीजातील गर्भाच्या आकारावरून केले. ज्यांचा गर्भ मळसूत्रासारखा वा सपाट सर्पिल, ती एका गटात. ज्यांचा कंकणाकृती, ती दुसऱ्यात. मोरस पहिल्यात गेला, माचूल चाकवतासह दुसऱ्यात. हे लक्षण सूक्ष्म व स्थिर असल्याने शतकाहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. तथापि एकाच लक्षणावर एवढा भार टाकणे धोक्याचे होते. २००३ मध्ये गुडरून काडेराइट व सहकाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासात माचुलाचा गट मोरसाच्या गटालाच निकट ठरला. तत्पूर्वी, १९९८ च्या वर्गीकरणात, संपूर्ण चाकवत-कुल माठाच्या कुलात विलीन करण्यात आले होते. काही वर्गीकरणकार ते अद्याप मानीत नाहीत.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे वर्णन करणारा थिओडोर कुक याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, आणि कोकणातील अभ्यासकाला आजही तेथूनच आरंभ करावा लागतो. परंतु मोरसाचा वाळविलेला नमुना काळा पडतो, पाने आक्रसतात. त्यात पक्व बीज नसेल तर गर्भ पाहता येत नाही. जातिनिर्णयासाठी जिवंत झुडूप, त्याच्या जागी, फळावर असताना पाहणे आवश्यक ठरते. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि उरण तालुक्यातील अशा बऱ्याच जागा भरावाखाली गेल्या.